हरलेल्याचा हक्क

२०२५ च्या ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. १७ तारखेला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १८ तारखेपासून काम चालू झाले. आम्हा मलकापूरकरांना त्याचे किती अप्रूप वाटले असेल, हे मुंबईत राहणाऱ्याला कळणे कठीण आहे. शाहूवाडी तालुक्यातल्या माणसाला अपील करायचे म्हणजे कागदांची पिशवी काखोटीला मारून चारशे किलोमीटर जायचे, वकिलाच्या दारात ताटकळायचे, आणि तारीख पुढे गेली की आल्या वाटेने परत फिरायचे. आता तीच पायरी एस.टी.च्या तासा-दीड तासावर आली.

त्या आठवड्यात पावसाने झोड उठविली होती. बाजारातल्या चहाच्या दुकानात आडोशाला थांबलेल्या मंडळींत हाच विषय निघाला. ज्याचा स्वतःचा दावा चालू आहे असा एक तरुण शेतकरी त्यांत होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, जज्ज आपल्या दाराशी आलं हे झ्याक झालं. पर ह्या जज्जास्नी नेमतं कोण? आणि दिल्लीतल्या सगळ्यांत वरच्या कोर्टातल्यांस्नी?"

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकविले आहे. त्यामुळे मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. घटनेच्या १२४ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती नेमतात. नेमताना सरन्यायाधीशांचा सल्ला घेतात. १९८१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, सल्ला म्हणजे संमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३ साली तेच न्यायालय म्हणाले, नाही, शेवटचा शब्द न्यायाधीशांचा. १९९८ साली ठरले की सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून नावे सुचवतील. यालाच कॉलेजियम किंवा न्यायवृंद म्हणतात. सरकार एखादे नाव एकदा परत पाठवू शकते. पण न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठविले, तर ते मान्य करणे सरकारवर बंधनकारक असते. अर्थात किती दिवसांत मान्य करायचे याला मुदत नाही, म्हणून कागद तसाच पडूनही राहतो. २०१४ साली संसदेने घटनेत ९९ वी दुरुस्ती करून सहा जणांचा आयोग नेमायचे ठरविले. त्यात तीन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन नामवंत नागरिक असायचे होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती दुरुस्ती रद्द केली. तेव्हापासून न्यायवृंदच आहे.

तो पोरगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे कोण नेमणार ह्याचंच भांडण. बरं, ज्याचं नाव निघालं आणि नेमलं न्हाई, त्याला काय सांगत्यात?"

मला उत्तर सुचले नाही. तेव्हा नाही, आणि घरी आल्यावरही नाही. त्या न सुचलेल्या उत्तराचाच हा लेख आहे.

'कोणी नेमावे' हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मला म्हणायचे नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत तो निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. नेमणूक सर्वस्वी सरकारच्या हाती सोपविणे धोक्याचे, हे त्यांनी मान्य केले. विधिमंडळाची मंजुरी घ्यावी तर राजकीय दडपण शिरते, हेही सांगितले. मग सरन्यायाधीशांच्या संमतीवाचून नेमणूक नको, असे सुचविणाऱ्यांना ते म्हणाले की, सरन्यायाधीश झाला तरी शेवटी माणूसच. तुमच्याआमच्यासारखे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यालाही असणार. जो अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला देत नाही, तो एकट्या त्याला कसा द्यावा? कोणत्याही खुर्चीला केवळ खुर्ची म्हणून पवित्र न मानणारी ही दृष्टी होती. मंत्र्यावर आणि न्यायाधीशावर त्यांनी सारखाच अविश्वास दाखविला, आणि त्यात कडवटपणा मुळीच नव्हता. पण हे खरे धरले तर पुढचा प्रश्न टळत नाही. नेमणारा कोणीही असो, तो माणूस असणार. मग त्याच्या माणूसपणाला वेसण कशाची?

आपण मराठी माणसे या ठिकाणी रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेऊन मोकळे होतो. चहाच्या दुकानातही ते निघालेच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथरावाला तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले, ही कथा आपल्याला पाठ आहे. ती सांगताना आपल्याला असे वाटते की माणूस सोन्यासारखा असला म्हणजे बाकी सारे आपोआप येते. पण एक देश रामशास्त्री जन्माला येण्याची वाट पाहत बसू शकत नाही. १९५० साली सर्वोच्च न्यायालयात आठ न्यायाधीशांच्या जागा होत्या, २०१९ साली त्या चौतीस झाल्या. चौतीस रामशास्त्री कोठून आणावेत? शिवाय त्या कथेत एक गोष्ट आहे आणि ती आपण नेहमी विसरतो. रामशास्त्र्यांनी निर्णय दिला तो समोर उभे राहून, काय आणि कशासाठी हे सांगून. गुपचूप राजीनामा देऊन ते निघून गेले असते, तर त्यांचा त्याग तेवढाच राहिला असता, पण तो न्याय झाला नसता.

न्याय आणि निर्णय यांतला हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. तो माझ्या आज्जामुळे कळला.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. म्हणजे १९६२ च्या आसपासची गोष्ट. आमच्या भाताच्या खाचराच्या बांधावरून भावकीशी दावा चालला होता. वाद सात गुंठ्यांचा, पण त्यात दोन पिढ्यांचे बोलणे बंद झालेले. बांधावर एक जांभळाचे झाड होते. झाड आपल्या हद्दीत, म्हणून बांधही आपला, असे आज्जाचे म्हणणे. निकाल लागला आणि आम्ही हरलो. वकील निकालाची नक्कल घेऊन घरी आले. ती इंग्रजीत होती. हुकूम काय झाला हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले आणि अपिलाच्या खर्चाचे बोलू लागले. आज्जाने त्यांना थांबविले.

"वकीलसाहेब, आधी सगळं वाचून दावा. पयल्यापास्नं."

वकिलांनी एकेक वाक्य वाचून त्याचे मराठी सांगायला सुरुवात केली. कंदील लावण्याची वेळ झाली तरी ते चाललेच होते. जज्जाने लिहिले होते की वादीचे म्हणणे असे असे आहे, आणि ते त्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे. परंतु मोजणीच्या नकाशात झाड हद्दीच्या खुणेपलीकडे दोन हात पडते. आणि झाड लावताना आपण पाहिले असे सांगणारा वादीचा साक्षीदार, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, वयाने त्या झाडाहून लहान आहे. यावर आज्जा एकदम हसला. "खरं हाय की! झाडापरास धाकला हाय त्यो." आज्जीने पदर तोंडाला लावला. घरात हरल्याचे सुतक होते आणि सगळे हसत होते, असे ते चमत्कारिक दृश्य होते.

अपील झाले नाही. वकिलांनी पुष्कळ समजाविले. आज्जा एवढेच म्हणाला, "त्येनं माझं ऐकलं हुतं. ऐकून न्हाई म्हनला. आता कशाला?"

आज्जाला कायदा कळत नव्हता, पण न्यायशास्त्राचे एक मूलतत्त्व त्याने नेमके पकडले होते. निकालातला हुकूम जिंकलेल्यासाठी असतो. त्याखालची कारणे हरलेल्यासाठी असतात. जिंकलेला माणूस कारणे वाचत नाही. त्याला ती आधीपासून ठाऊक असल्यासारखे वाटते. हरलेल्याला मात्र आपण कोणत्या पावलावर पडलो हे दिसावे लागते. ते दिसले तर तो हरतो, पण लहान होत नाही. म्हणून सात गुंठ्यांच्या वादातही न्यायाधीशाने कारणे लिहिलीच पाहिजेत, नाही तर वरचे न्यायालय तो निकाल उलटवते. आणि ज्या न्यायाधीशाच्या लेखणीवर आपण एवढे बंधन घातले, त्याला स्वतःला निवडताना मात्र पुष्कळ वेळा एक ओळही उघड लिहिली जात नाही. ही विसंगती मला अस्वस्थ करते.

यावर चतुर माणसे म्हणतील की कारणे काय, हवी तशी रचता येतात. आधी निवड करायची, मग तिला शोभेल असे कारण शोधायचे. हे अगदी खरे आहे. पण रचलेले कारणसुद्धा एकदा उच्चारले की ते उच्चारणाऱ्याच्या हातून निसटते. याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. एप्रिल १९७३ मध्ये, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागल्याबरोबर, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. तिघांनी राजीनामे दिले. तेव्हा मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उघड सांगितले की, न्यायाधीशाचे विचार, त्याची सामाजिक दृष्टी सरकारने पाहिलीच पाहिजे. मला ते कारण धोक्याचे वाटते. पण ते बोलले गेले, म्हणूनच देशभरच्या वकिलांना त्याच्याशी लढता आले.

दुसरे उदाहरण १९७७ च्या जानेवारीतले. आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबले तरी त्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे पाच जणांच्या पीठाने २८ एप्रिल १९७६ रोजी ठरविले, तेव्हा एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत दिले होते. पुढे त्यांची ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद न्या. बेग यांना देण्यात आले. सरकारच्या बाजूने सांगण्यात आले की खन्नांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले आहेत. आता हे कारण तपासून पाहता येते. आमच्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले न्या. जयंतिलाल शाह १९७०-७१ मध्ये जेमतेम पाच आठवडे सरन्यायाधीश होते. तेव्हा मुदत आडवी आली नव्हती. २०२२ साली न्या. उदय लळीत ७४ दिवस त्या पदावर होते, तेव्हाही आली नाही. खोटे कारण खोटे ठरवता येते. मौनाला मात्र खोटे ठरवता येत नाही.

आणि मौनाचे उदाहरण सरकारचेच आहे असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायवृंदाने दोन मुख्य न्यायाधीशांची नावे सर्वोच्च न्यायालयासाठी ठरविली होती. त्यांपैकी एक, न्या. प्रदीप नंदराजोग, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. ठराव जाहीर होण्यापूर्वी एक सदस्य निवृत्त झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये नव्या न्यायवृंदाने नवी माहिती पुढे आल्याचे सांगून दुसरी दोन नावे पाठविली. ती माहिती कोणती, हे कोणालाच कळले नाही. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ च्या डिसेंबरात फेटाळली गेली. निवडल्या गेलेल्या दोघांपैकी न्या. संजीव खन्ना हे त्याच हंसराज खन्नांचे पुतणे. पुढे तेही सरन्यायाधीश झाले. त्यांच्या योग्यतेबद्दल मला शंका घ्यायची नाही. मला म्हणायचे आहे ते हे की, कारण न सांगितल्याने अन्याय दोघांवर होतो. राहिलेल्याला आपले काय चुकले हे कळत नाही. आणि निवडलेल्याच्या पाठीमागे एक कुजबूज विनाकारण फिरत राहते.

गंभीर आक्षेप निराळाच आहे. एखाद्या वकिलाचे नाव सुचविले गेले आणि तो अयोग्य का ठरला हे जाहीर केले, तर त्याची अब्रू जाते. उद्या त्याच्याकडे पक्षकार येणार नाही. जो आधीच न्यायाधीश आहे, त्याच्यापुढे उभे राहणारे लोक त्याच्याकडे संशयाने पाहतील. झाकून ठेवणे ही कित्येकदा दया असते. या आक्षेपाचे वजन मी ओळखतो. दुसऱ्याची लाज राखावी हे आपल्याकडे मोठेपणाचे लक्षण मानतात. पण ही दया कोणाला झाकते, हे पाहण्याची वेळ एकदा माझ्यावरच आली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेने शिक्षकाची जागा भरण्यासाठी मला निवड समितीवर बोलाविले. आम्ही तिघे होतो. शेवटी दोन उमेदवार उरले. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "हा आपल्या माहितीतला आहे." बाकी दोघांनी माना डोलावल्या, त्यातली एक मान माझी होती. कोणी पैसे घेतले नाहीत, कोणाची चिठ्ठी आली नव्हती. कागदावर 'योग्य उमेदवाराची निवड केली' असे लिहून आम्ही चहा घेतला. महिन्याभराने तो दुसरा तरुण मलकापूरच्या स्टँडवर भेटला. अंगावरचा सदरा भिजलेला होता. नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, नोकरी मागायला आलो नाही. मी कुठं कमी पडलो तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी सुधारीन."

मी म्हणालो, "समितीचा निर्णय होता."

तो थोडा वेळ उभा राहिला. कोल्हापूरची गाडी लागली तसा तो गेला. त्याची अब्रू राखण्यासाठी मी गप्प राहिलो, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरे नव्हते. तो कोठेच कमी पडला नव्हता. माझ्यापाशी कारणच नव्हते, आणि मी राखली ती माझी अब्रू. त्या दिवशी दोन ओळी लिहिण्याची सक्ती असती, तर 'हा आपल्या माहितीतला आहे' असे लिहिताना माझा हात अडखळला असता. कदाचित आम्ही त्यालाच निवडले असते.

म्हणून न्या. चेलमेश्वर यांची भूमिका मला फार जवळची वाटते. २०१५ च्या निकालात विरुद्ध मत देणारे एकटे तेच होते. सप्टेंबर २०१६ मध्ये, सदस्यांची मते आणि कारणे लिहून ठेवली जात नाहीत तोवर आपण न्यायवृंदाच्या बैठकांना बसणार नाही, असे त्यांनी कळविले. ऑक्टोबर २०१७ पासून ठराव कारणांसह जाहीर होऊ लागले. पुढे कधी कारणे आली, कधी नुसती नावे. पण जेव्हा आली, तेव्हा काय घडू शकते हे दिसले. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव उच्च न्यायालयासाठी गेले असता, त्यांनी सार्वजनिक प्रश्नांवर समाजमाध्यमांत मते मांडली आहेत, असा आक्षेप सरकारने घेतला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तो आक्षेप आणि त्याला आपले उत्तर, दोन्ही प्रसिद्ध केले: मत मांडल्याने माणूस अपात्र होत नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नेमणूक झाली.

आणि अब्रू न घालवता कारण सांगता येते, याचेही उदाहरण आहे. ज्या सरन्यायाधीशांनी कोल्हापूरच्या बेंचचे उद्घाटन केले, त्या अमरावतीच्या न्या. गवई यांना सर्वोच्च न्यायालयात घ्यावे असा ठराव मे २०१९ मध्ये झाला. मुंबई उच्च न्यायालयातले तीन न्यायमूर्ती त्यांना ज्येष्ठ होते. ठरावात लिहिले होते की, या शिफारशीचा अर्थ ते तिघे कमी योग्य आहेत असा कोणी घेऊ नये. आणि या नेमणुकीने अनुसूचित जातीचा न्यायाधीश सुमारे दशकभरानंतर त्या न्यायासनावर येईल. कोणाला हे कारण पटेल, कोणाला पटणार नाही. पण मागे राहिलेल्या तिघांकडे तोंड करून बोललेले ते वाक्य आहे. ते वाचताना मला कंदिलाच्या उजेडात निकाल ऐकणारा आज्जा आठवला.

कारणे लिहिल्याने न्यायाधीश चांगले मिळतील का? याची हमी मी देणार नाही. १९७६ च्या त्या निकालात बहुमताबरोबर गेलेल्या न्या. यशवंतराव चंद्रचूड यांना १९७८ मध्ये सरन्यायाधीश नेमू नये, असे कित्येक जाणत्या वकिलांनी सांगितले होते. सरकारने ज्येष्ठतेचा नियम पाळून त्यांनाच नेमले. त्यांच्याच न्यायालयाने १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात संसदेच्या अमर्याद अधिकाराला आवर घातला. आणि १९७६ चा तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ साली लिहिले ते त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. माणूस पुढे काय करील हे नेमणाऱ्याला दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की आज आपण याला का घेतो आणि त्याला का वगळतो. जे दिसते तेवढे त्याने लिहावे. निदान ज्याला वगळले त्याच्या हाती तरी तो कागद द्यावा. चारचौघांत वाचावा की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. म्हणजे दयेचा प्रश्नही सुटतो.

चहाच्या दुकानातल्या त्या पोराला मी हे सांगितले. तो म्हणाला, "एवढंच ना? मग अवघड काय हाय त्यात?" अवघड काय आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

आज्जाच्या निकालाची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. कडा झिजल्या आहेत, शिक्का पुसट झाला आहे. स्टँडवरच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. तोही आता म्हातारा झाला असेल. तो भेटला तर त्याला सांगायचे वाक्य मी तयार ठेवले आहे: तू कमी पडला नव्हतास, आमच्यापाशी कारण नव्हते. एवढे वाक्य तयार व्हायला मला इतकी वर्षे लागली. त्याला ते त्याच दिवशी, गाडी लागण्यापूर्वी मिळायला हवे होते.